एका वेळी एकच बदल

संगणकाला आवाज नाही, हे शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लक्षात आले आणि निदेशकांनी ते सर्वप्रथम वहीत लिहून घेतले. वही दोनशे पानी होती. डाव्या पानावर ‘दोष’ आणि उजव्या पानावर ‘उपाय व परिणाम’ असे रकाने पट्टीने आखलेले होते. दोष क्रमांक पाच : ध्वनी अनुपस्थित. पुढे वेळ, तारीख आणि सही. मग त्यांनी पेनाला टोपण लावले आणि बाहेर ढग आलेत असे सांगावे तशा स्वरात स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, आवाज गेलाय."

"कोणाचा? माझा तर ठणठणीत आहे," बाई आतून म्हणाल्या.

"संगणकाचा."

आतला नळ बंद झाला. बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि संगणकासमोर उभ्या राहिल्या. पडदा स्वच्छ होता, अक्षरे सुबक होती, घड्याळ बरोबर होते. फक्त शेजारी ठेवलेले दोन स्पीकर, घरात भांडण झाल्यावर पाहुण्यांनी बसावे तसे, गप्प बसले होते.

"आज चार वाजता माझी परीक्षा आहे," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे. म्हणून तर नऊलाच तपासलं. पावणेचारला तपासलं असतं तर?"

"मंगळवारी आवाज होता. तो खरखरत होता, अडखळत होता, पण होता. मी तुम्हाला म्हटलं होतं, परीक्षा होऊ द्या, मग काय ते उघडून बसा."

यावर निदेशकांनी वहीत पाहिले. वहीत या वाक्याची नोंद नव्हती.

बाईंनी अठ्ठावीस वर्षे टेलिफोन कार्यालयात चौकशीच्या खिडकीमागे काम केले होते. त्या अठ्ठावीस वर्षांत त्या मुख्यतः तीन वाक्ये बोलल्या : "चौकशी विभाग", "जरा थांबा" आणि "क्रमांक लिहून घ्या". त्यांचा आवाज सगळ्या गावाला ठाऊक होता, पण त्या आवाजात पूर्ण परिच्छेद कोणीही कधी ऐकला नव्हता. निवृत्तीनंतर अंध वाचकांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका ग्रंथालयाची जाहिरात त्यांच्या वाचनात आली आणि त्यांनी कोणालाही न विचारता अर्ज केला. तिघांना अंतिम चाचणीसाठी बोलावले होते. चाचणी संगणकावरूनच द्यायची होती, कारण वाचायचा उतारा पडद्यावर दिसणार होता. पत्रात शेवटी लिहिले होते : ठरलेल्या वेळी दोन्ही बाजूंनी संभाषण न झाल्यास पुढील उमेदवारास संधी देण्यात येईल. ते पत्र बाईंनी देवाच्या तसबिरीसारखे आरशाच्या कडेला खोचून ठेवले होते.

निदेशक तांत्रिक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत एकतीस वर्षे यंत्रदुरुस्ती शिकवून निवृत्त झाले होते. नाव कोणी घेत नसे. हुद्दाच अंगाला चिकटला होता. त्या कार्यशाळेच्या भिंतीवर त्यांनी लाल रंगात लिहवून घेतलेले वाक्य होते : ‘एका वेळी एकच बदल. गुण न आल्यास यंत्र मूळ स्थितीवर.’ एकदा एका विद्यार्थ्याने बंद पडलेला पंप लाथ घालून सुरू केला, तेव्हा पंप उत्तम चालत असूनही निदेशकांनी त्याला शून्य गुण दिले. लाथेचे परिमाण त्याला सांगता आले नव्हते.

अशा माणसाने संगणकावर लिनक्स ही नवी प्रणाली बसवायला घेतली ती काही लहर म्हणून नव्हे. एका बंद झालेल्या कचेरीतून दोन जुने संगणक मिळाले होते, एकाच घडणीचे, जुळे म्हणावेत असे. एक निदेशकांकडे आला, दुसरा खालच्या मजल्यावर राहणाऱ्या व्हायोलिनमास्तरांकडे गेला. दोन्ही इतके मंद होते की सुरू करून माणसाने दाढी करून यावी. निदेशकांनी चाळीस पानी मार्गदर्शिका दोनदा वाचली, तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या, रविवारी मास्तरांच्या संगणकावर रंगीत तालीम केली आणि बुधवारी स्वतःच्या संगणकावर नवी प्रणाली बसवली. संगणक हरणासारखा पळू लागला. त्यानंतर दोष उद्भवले. घड्याळ कित्येक तास पुढे गेले. जोडाक्षरे फुटून त्यांचे चौकोन झाले. पडदा आडवा ताणला जाऊन फोटोतली सडपातळ माणसे खात्यापित्या घरची दिसू लागली. आणि कळफलकाने स्वल्पविरामाच्या जागी भलतेच चिन्ह द्यायला सुरुवात केली. हे चारही दोष निदेशकांनी गुरुवारी पद्धतीने, एकामागून एक, दूर केले. चारपैकी चार. त्यामुळे पाचव्याकडे ते जवळजवळ प्रेमाने पाहत होते.

"हे बघ," ते म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही. आपण नीट विचारत नाही."

"मग विचारा लवकर."

"तू गॅलरीत जा."

यामागे कारण होते. निदेशकांचा दुसरा नियम असा की दुरुस्तीखालच्या यंत्रावर दुसरे काहीही उघडायचे नाही. रोग्याने स्वतःच्याच रोगाचे पुस्तक वाचत पडणे बरे नव्हे. म्हणजे उपाय बाईंच्या फोनवर शोधणे आले. घरात इंटरनेट तारेने येई आणि ती तार सरळ संगणकाच्या पाठीत शिरे. बिनतारी गोष्टींवर निदेशकांचा विश्वास नव्हता. जे दिसत नाही ते ओढून बघता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. फोनला उरलेसुरले जे काही मिळे ते गॅलरीच्या डाव्या कोपऱ्यात, वाळत घातलेल्या कपड्यांच्या पलीकडे मिळे. तेव्हा बाई गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या, निदेशक आतल्या खोलीत संगणकासमोर बसले आणि मधल्या दोन खोल्या ओलांडून उपचार सुरू झाला.

"मिळालं एक पान," बाईंनी सांगितले. "कोणीतरी विचारलंय, ‘नवीन लिनक्स बसवलं, आवाज येत नाही, काय करू?’"

"अगदी आपलाच दोष. उत्तर काय आहे?"

"खाली एकाने लिहिलंय, ‘मलाही हाच प्रश्न आहे.’ त्याच्याखाली दुसऱ्याने लिहिलंय, ‘मलाही.’ मग तिसऱ्याने."

"पुढे?"

"पुढे पहिला म्हणतोय, ‘सुटलं. धन्यवाद.’"

"कसं सुटलं?"

"ते नाही लिहिलं."

"माणसं नोंद ठेवत नाहीत," निदेशक खिन्नपणे म्हणाले.

दुसऱ्या पानावर मात्र आठ उपाय क्रमवार दिलेले निघाले. बाईंनी चष्मा सावरला, पाठ सरळ केली आणि आपोआप त्यांच्या घशात चौकशी विभाग जागा झाला. प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ, पुढच्याला लिहायला वेळ देणारा. हा आवाज दोन खोल्यांतून आत गेला, तसाच तो कठड्यावरून खालीही गेला. पण तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.

"उपाय पहिला. स्पीकरच्या तारा घट्ट आहेत का पाहा."

निदेशकांनी पाहिल्या. स्पीकर काढून रेडिओला लावला. रेडिओवरचा माणूस खणखणीत बोलला. स्पीकर पुन्हा संगणकाला लावला. लिहिले : निर्दोष.

"उपाय दुसरा. सेटिंग उघडा. त्यात ‘ध्वनी’. त्यात ‘आउटपुट’. तिथे ‘डिजिटल’ निवडलेलं असेल तर ते सोडून ‘ॲनालॉग’ निवडा."

डिजिटलच निवडलेले होते. निदेशकांनी ॲनालॉग निवडले, एक गाणे लावले, कान दिला. काही नाही. नियमाप्रमाणे त्यांनी हलक्या हाताने पुन्हा डिजिटल निवडले आणि स्वतःशीच पुटपुटले, "मूळ स्थिती." वहीत लिहिले : गुण नाही.

"झालं?" बाईंनी विचारले.

"नाही झालं. पुढचा."

"उपाय तिसरा. काळी खिडकी उघडा, तिला टर्मिनल म्हणतात. आता एकेक अक्षर सांगते. ए. एल. एस. ए. एम. आय. एक्स. ई. आर. एंटर."

"एक्सनंतर काय म्हणालात?" असा प्रश्न आला.

"ई. आर. एंटर," बाईंनी सांगितले. मग थोड्या रागाने आत ओरडल्या, "अहो, तुम्ही मला ‘म्हणालात’ कधीपासून म्हणायला लागलात?"

"मी काही विचारलंच नाही," आतून उत्तर आले.

"बरं. उभ्या पट्ट्या दिसतील. ज्या पट्टीच्या पायाशी एम एम अशी दोन अक्षरं आहेत, ती गप्प केलेली पट्टी. बाणाने तिच्यावर जा आणि एम दाबा. ती बोलती होईल."

एक पट्टी खरोखरच गप्प केलेली होती. निदेशकांना विजयाची चाहूल लागली. त्यांनी एम दाबला, पट्टी हिरवी झाली. गाणे लावले. पडद्यावर गाण्याची रेघ पुढे सरकत राहिली, खोलीत मात्र शेजारच्या इमारतीतल्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली. त्यांनी सुस्कारा टाकला, पुन्हा एम दाबून पट्टी होती तशी गप्प केली आणि लिहिले : गुण नाही. मूळ स्थिती.

चौथा, पाचवा आणि सहावा उपाय जेवणापर्यंत पुरले. प्रत्येक वेळी बाई मोठ्याने सांगत, निदेशक मुकाट्याने करीत, आणि गुण न आल्यावर तितक्याच मुकाट्याने ते उलट करीत. सातवा उपाय होता ‘संगणक बंद करून चालू करा’. तो केल्यावर आवाज आला नाहीच, पण वेगळीच अडचण उभी राहिली. बंद करून चालू केलेले यंत्र मूळ स्थितीवर कसे न्यायचे, याला निदेशकांना उत्तर सापडेना. तत्त्वात अशी गोष्ट बसत नव्हती. चार मिनिटे विचार करून त्यांनी पानाच्या तळाशी एक टीप लिहिली, टीपेला क्रमांक दिला आणि त्यांना बरे वाटले.

बाईंना बरे वाटत नव्हते. तीन वाजले होते. त्यांनी साडी बदलली, केस विंचरले, पुन्हा गॅलरीत येऊन बसल्या. "समजा मी बोलले आणि त्यांनी लिहून उत्तर दिलं तर?"

"तुझा आवाज तरी तिकडे जातोय की नाही, ते कसं ठरवणार? बोललेलं परत ऐकून बघायलाही आवाजच लागतो."

"म्हणजे मी मुकी की तुम्ही बहिरे, तेही कळायचं नाही."

"यंत्राच्या बाबतीत भावना आणू नयेत."

"मी यंत्राबद्दल बोलत नव्हते," बाई म्हणाल्या.

निदेशकांनी खुर्ची वळवून गॅलरीच्या दिशेने पाहिले. मधल्या दारातून त्यांना बाईंची फक्त पाठ दिसत होती, इस्त्रीची साडी आणि सरळ ताठ मान. ही साडी बाई मुलीच्या लग्नानंतर आज प्रथमच नेसल्या होत्या. एकतीस वर्षांत बिघडलेल्या यंत्रापाशी आपण कधी घाबरलो नाही, हे त्यांना आठवले. आणि आता हाताला घाम आला आहे, हेही त्यांच्या लक्षात आले. याची नोंद त्यांनी केली नाही.

"आठवा सांग," ते म्हणाले. त्यांचा स्वर नेहमीपेक्षा मऊ होता.

"आठवा उपाय नाही, चाचणी आहे. काळ्या खिडकीत लिहा. एस. पी. ई. ए. के. ई. आर. मग आडवी रेघ. टी. ई. एस. टी. जागा सोडा. आडवी रेघ. टी. जागा सोडा. डब्ल्यू. ए. व्ही. जागा सोडा. आडवी रेघ. सी. जागा सोडा. दोन. एंटर. एक बाई बोलेल, डावा स्पीकर, उजवा स्पीकर, असं इंग्रजीत."

निदेशकांनी एंटर दाबला. काळ्या खिडकीत अक्षरे धावली. बाई काही बोलली नाही. त्यांनी डोळे मिटले. आणि दोन मिनिटांनी, अगदी अस्पष्ट, कुठून तरी लांबून, इंग्रजीत एक बाई म्हणाली : "फ्रंट लेफ्ट."

निदेशक ताठ झाले.

"फ्रंट राइट," ती म्हणाली.

"आला," निदेशक म्हणाले. "अगं, आवाज आला. क्षीण आहे, पण आला."

बाई धावत आत आल्या. दोघांनी दोन स्पीकरना दोन कान लावले. फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट. निदेशकांनी आवाजाची कळ वाढवत शेवटपर्यंत नेली. बाई होती तेवढ्याच आवाजात बोलत राहिली. कळ शून्यावर आणली; बाईचे बोलणे चालूच. निदेशकांच्या कपाळावर आठ्या जमल्या. त्यांनी स्पीकरची तार उपटली. फ्रंट लेफ्ट. त्यांनी संगणकच बंद केला.

"फ्रंट राइट," बाई म्हणाली.

निदेशकांनी वही ओढली आणि स्थिर हस्ताक्षरात लिहिले : ध्वनी आढळला, परंतु यंत्राशी त्याचा संबंध प्रस्थापित होत नाही. हे लिहून होते तोच दाराची घंटा वाजली.

दारात व्हायोलिनमास्तर उभे होते. गृहस्थ गोल, आनंदी आणि घाईत कधीच नसलेले. त्यांच्या सदऱ्याला एक गुंडी कमी होती आणि ती कुठे पडली याची त्यांना खंतही नव्हती.

"वहिनी, माफ करा हं," ते म्हणाले, "पण त्या बाईला गप्प कसं करायचं, ते सांगितलं नाहीत तुम्ही."

"कुठल्या बाईला?"

"तीच हो, डावीकडे-उजवीकडे करणारी. दहा मिनिटं झाली, थांबायलाच तयार नाही. आमच्या हिला वाटलं, कोणी पाहुणी आलीय."

निदेशक पुढे झाले. "मास्तर, ती बाई तुमच्या घरात बोलतेय?"

"मग काय? सकाळपासून वहिनी वरून सांगतायत, मी खाली करतोय. इतकं छान सांगतात की चष्मासुद्धा लावला नाही मी. नुसतं ऐकायचं आणि दाबायचं. एकदाच जरा अडलो, एक्सनंतर. तेही त्यांनी लगेच सांगितलं."

"तुमचाही आवाज गेला होता?"

"रविवारपासून."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

मास्तर ओशाळले. "तुम्ही एवढ्या प्रेमाने बसवून दिलंत. मला वाटलं, या नव्या पद्धतीत आवाज नसतच असेल. तुम्हाला तशीही शांतता आवडते."

बाई पदर तोंडाला लावून दुसरीकडे पाहू लागल्या. निदेशकांचे मात्र तिकडे लक्ष नव्हते. एकाच घडणीची दोन यंत्रे, एकच प्रणाली, एकच दोष, तेच उपाय, त्याच क्रमाने. एक बोलते आहे आणि एक मुके. हे भौतिकशास्त्राला धरून नव्हते.

"मास्तर, नीट आठवून सांगा. दुसरा उपाय केल्यावर आवाज आला?"

"तेव्हा कुठे बघितलं मी? सगळं झाल्यावर शेवटी एकदम बघू म्हटलं."

"प्रत्येक उपायानंतर तपासलं नाही?"

"नाही."

"आणि तो उपाय रद्द करून पूर्वीसारखं केलं नाही?"

"कशाला करू?" मास्तरांना खरोखरच प्रश्न पडला होता. "वहिनी म्हणाल्या करा, मी केलं. पूर्वीसारखं करा असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत."

निदेशक दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर कार्यशाळेतला फळा आला आणि फळ्यावर एक नळी. त्या नळीवर एक नव्हे, दोन तोट्या. पहिली उघडली, पाणी आले नाही, म्हणून बंद केली. दुसरी उघडली, पाणी आले नाही, म्हणून तीही बंद केली. दिवसभर ते हेच करीत होते. दुसरा उपायही बरोबर होता, तिसराही बरोबर होता. फक्त दोन्ही एकदम उघडे राहायला हवे होते. आणि ते राहिले होते अशा माणसाच्या घरी, ज्याला स्वतःच्या सदऱ्याची गुंडीही जागेवर ठेवता येत नव्हती.

"दोष दोन होते," ते हळूच म्हणाले. "एकाच ठिकाणी."

"अहो," बाई म्हणाल्या, "चारला दहा कमी आहेत."

निदेशक वही घेऊन संगणकाकडे वळले. "दहा मिनिटांत दोन्ही उपाय पुन्हा..."

"नको," बाई म्हणाल्या. "मास्तर, चला खाली."

मास्तरांच्या घरी इंग्रजी बाईचे बोलणे अद्याप चालू होते. निदेशकांनी दोन कळा दाबून तिला थांबवले आणि त्यांचा हात सवयीने आउटपुटची सेटिंग पाहायला पुढे गेला.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या.

"नुसतं बघतो."

"बघूही नका. मागे उभे राहा."

एकतीस वर्षे ज्यांनी लोकांना यंत्रापासून मागे उभे केले होते, ते निदेशक दोन पावले मागे सरकले आणि हात पाठीशी बांधून उभे राहिले.

बाईंनी आरशावरून काढून आणलेल्या पत्रातला परीक्षेचा पत्ता संगणकात भरला. बरोबर चार वाजता पडद्यावर ग्रंथपालबाई आल्या. मध्यमवयीन, टापटीप, नजर कागदावर. त्यांच्या शेजारी काळा चष्मा लावलेले एक गृहस्थ कळफलकासमोर बसले होते; ते ग्रंथालयाचे संगणक सांभाळतात आणि स्वतः पाहू शकत नाहीत, असे ग्रंथपालबाईंनी सांगितले. "ऐकू येतंय ना आमचं?"

"येतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

उतारा आला. एका तळ्याकाठच्या संध्याकाळचे वर्णन होते. बाई वाचू लागल्या. उच्चार निर्दोष, शब्द मोत्यासारखे, पण प्रत्येक वाक्यानंतर एक विराम. तळ्यावर सूर्य कलला. विराम. पक्षी परतू लागले. विराम. झाडांच्या सावल्या लांबल्या. विराम. जणू सावल्यांचा क्रमांक कोणीतरी लिहून घेत होते. वाचन संपले तेव्हा ग्रंथपालबाईंनी कागदावर काहीतरी लिहिले, आणि बाईंना ते काय असेल ते कळले.

"आवाज फार स्वच्छ आहे तुमचा," ग्रंथपालबाई म्हणाल्या. आता ‘पण’ येणार होता. "पण कथेला जरा ओघ लागतो. तुम्ही थांबता. ऐकणारा लिहून घेतोय, असं वाटतं. बरं, तर आम्ही कळवूच तुम्हाला."

"सवय आहे, अठ्ठावीस वर्षांची," बाई म्हणाल्या. त्यांनी मांडीवर हात जुळवले. "थांबले नाही तर पलीकडच्या माणसाचा अंक चुकतो."

निदेशकांनी तोंड उघडले. पण सांगण्यासारखे त्यांच्या वहीत काही नव्हते. बोलले ते मास्तर. ते बाईंच्या खांद्यावरून एकदम पडद्यात डोकावले.

"मॅडम, नमस्कार. मी घरमालक. म्हणजे या खोलीचा. तुम्ही म्हणालात ना, लिहून घेतोय असं वाटतं? तर मी घेतच होतो."

"मास्तर," निदेशक दबक्या आवाजात म्हणाले.

"थांबा हो सर. मॅडम, मी व्हायोलिन शिकवतो. संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही. हा पाच दिवस मुका होता. आज या वहिनी वरच्या गॅलरीत बसून बोलत होत्या, माझ्याशी नव्हे, यांच्याशी. मी खाली चष्मा न लावता नुसतं ऐकून एकेक अक्षर दाबलं, आणि हा बोलायला लागला. तुमचा आवाज आत्ता येतोय तो त्याचमुळे. यांनी स्वतः समोर बसून केलं, तर यांचा अजून मुकाच आहे."

शेवटचे वाक्य निदेशकांना अनावश्यक वाटले.

ग्रंथपालबाईंच्या शेजारच्या गृहस्थांनी मान वर केली. "कुठली प्रणाली आहे तुमच्याकडे?" त्यांनी विचारले.

"लिनक्स," बाई म्हणाल्या.

"आमच्याकडेही तीच. मला एखादी आज्ञा सांगाल का? आज दिलेलीच, कुठलीही. नेहमीच्या वेगाने सांगा, माझ्यासाठी कमी करू नका."

बाईंनी डोळे मिटले. फोन वरच राहिला होता, पण दिवसभरात तोंडात बसलेले काही विसरण्यासारखे नव्हते. "लिहून घ्या," त्या म्हणाल्या, आणि एस पी ई पासून सुरुवात केली. अक्षर, विराम, अक्षर, विराम. पलीकडे गृहस्थांची बोटे त्या विरामांत बरोबर बसत गेली, जिना उतरताना पायऱ्या पायाखाली याव्यात तशी. "सी. जागा सोडा. दोन. एंटर."

ग्रंथालयाच्या खोलीतून, खणखणीत आवाजात, ओळखीची बाई म्हणाली, "फ्रंट लेफ्ट."

"झालं," गृहस्थ म्हणाले आणि हसले. "मॅडम, एकही अक्षर मागे जाऊन खोडावं लागलं नाही."

ग्रंथपालबाईंनी पेन खाली ठेवले. कथा वाचायला त्यांच्याकडे माणसे रांगेत उभी होती, असे त्यांनी सांगितले. पण जे वाचक स्वतःचा संगणक स्वतः दुरुस्त करू पाहतात, त्यांची मार्गदर्शक पुस्तके तीन वर्षे पडून होती. वाचून दाखवायला जो मिळे तो ओघात वाचे, आणि ऐकणाऱ्याचा हात मागे राही. "पहिलं पुस्तक दोनशे बारा पानांचं आहे," त्या म्हणाल्या. "प्रणाली बसवल्यानंतर येणाऱ्या अडचणी आणि उपाय. फार रटाळ आहे, आधीच सांगते. पानं आत्ताच धाडते, छापून घ्या. उद्या सकाळपासून वाचायला घेऊन पहिलं प्रकरण पाठवू शकाल?"

"जरा थांबा," बाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच हसल्या. "नको, थांबू नका. पाठवते."

मास्तरांच्या पत्नीने सगळ्यांना सरबत दिले. निदेशकांनी ते उभ्यानेच प्यायले. जिना चढून दार उघडल्यावर ते म्हणाले, "तू चांगलं सांगितलंस."

"काय?"

"सगळंच. दिवसभर." एवढे बोलून ते आत गेले, कारण यापेक्षा जास्त बोलणे हा एका वेळी दोन बदल करण्याचा प्रकार झाला असता.

शनिवारी सकाळी आठ वाजता निदेशक पुन्हा संगणकासमोर बसले. वहीत कोरे पान होते. त्यांनी आउटपुट ॲनालॉग केले आणि तसेच ठेवले. मग काळी खिडकी उघडली, गप्प पट्टीवर जाऊन एम दाबला आणि तेही तसेच ठेवले. हे करताना त्यांना चोरी करीत असल्यासारखे वाटत होते. मग त्यांनी गाणे लावले. स्पीकर असे काही गायले की तावदाने थरथरली.

"आला का हो आवाज?" बाईंनी आतून विचारले. त्या पहिल्या प्रकरणाचे कागद जुळवत होत्या.

"आला. दोष दूर झाला."

"चला, बरं झालं. म्हणजे आता घरीच बसून वाचते."

गाणे एक कडवे चालले आणि एकदम थांबले. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्या दारात आल्या. निदेशक वहीत लिहीत होते. चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी पूर्ण समाधान होते.

"पुन्हा गेला का?"

"गेला नाही, घालवला. दोष याच दोन गोष्टींत आहे, हे सिद्ध व्हायला नको? एक तोटी बंद करून पाहिली, आवाज गेला. आता ती उघडून दुसरी बंद करायची. मग दोन्ही बंद. मग क्रम उलटा. प्रत्येक वेळी तीन वाचनं घ्यायची. अकरापर्यंत निर्विवाद निष्कर्ष हातात येईल."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, वहीकडे पाहिले, आखलेल्या बारा रिकाम्या चौकटींकडे पाहिले. मग चष्मा लावला, दोनशे बारा पाने छातीशी धरली आणि खाली मास्तरांकडे वाचायला गेल्या.